पाचव्या गाण्यातला खोकला

ज्या घरात वडील विजेचे मीटर तपासतात आणि आई बँकेत चेकवरच्या सह्या ताडून पाहते, त्या घरातली मुलगी इतिहास शिकायला गेली यात खरं तर नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. संशय हा त्या घराचा पोटापाण्याचा उद्योग होता. बाबा कुणाकडे गेले की आधी मीटरकडे बघत आणि मग माणसांकडे. आई वाढदिवसाच्या शुभेच्छापत्राखालची सहीसुद्धा क्षणभर उजेडात धरून पाही. मुलीचं कागदोपत्री नाव काहीही असो, तिला सगळे चौकशी म्हणत. 'औषध कडू आहे हं' असं तिला लहानपणी कुणी सांगितलं, तर 'तुम्ही घेऊन पाहिलंत का?' असं ती विचारी आणि समोरच्याला दोन चमचे पाजूनच मग स्वतः घेई.

पण या घरात एक जागा अशी होती, जिथं संशयाला सक्त मनाई होती. ती म्हणजे 'निळ्या खिडक्या' या अल्बममधलं पाचवं गाणं.

बाबांच्या कॉलेजच्या दिवसांत एका गायिकेचा कार्यक्रम झाला होता. पाचव्या गाण्यात शेवटची ओळ घेण्याआधी ती गायिका थांबली. अख्खं सभागृह श्वास रोखून बसलं होतं आणि नेमक्या त्या शांततेत बाबा खोकले. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं वळून त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की बाबांना कुठं तोंड लपवावं ते कळेना. ती मुलगी म्हणजे आताची आई. पुढं त्या कार्यक्रमाची कॅसेट निघाली, वेष्टनावर 'प्रत्यक्ष सभागृहात ध्वनिमुद्रित' असं ठळक छापलेलं, आणि पाचव्या गाण्याच्या शेवटी तो खोकला जसाच्या तसा. आधी एक दबलेला, मग एक मोकळा, मग खुर्ची करकरल्याचा आवाज. त्यानंतर गायिका ती शेवटची ओळ इतकी अलगद उचलते की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

घरी पाहुणे आले की त्यांना चहा मिळे आणि खोकला ऐकावा लागे. चहा नको म्हणायची मुभा होती. खोकला जवळ आला की बाबा हात वर करून सगळ्यांना गप्प करत आणि खोकला होऊन गेला की जमिनीकडे बघत 'काय करणार, आवरला नाही' असं म्हणत. हे वाक्य ते इतक्या विनयानं म्हणत की समोरच्याला वाटावं, गाणंही यांनीच म्हटलंय. मीटर खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला लोक दारात बघून कपाळाला आठ्या घालतात. त्या माणसाच्या पदरात कलेच्या इतिहासातली ही एवढीच जागा होती, आणि ती त्यांनी जिवापाड जपली होती.

चौकशीचं तर त्या अल्बमवर वेड्यासारखं प्रेम होतं. अभ्यास करताना तोच, जेवताना तोच, आजारपणात तोच. गायिका कुठं श्वास घेते, कुठं साथीदाराची बोटं जरा घसरतात, सगळं तिला पाठ. आणि तिचं दुसरं प्रेम इतिहासावर. घडून गेलेल्या गोष्टीमागं कंदील घेऊन जायचं आणि 'खरंच का?' असं विचारायचं, यासारखं सुख तिला दुसऱ्या कशात वाटत नसे. ही दोन प्रेमं आजवर शेजारी शेजारी सुखानं नांदत होती. गडबड झाली ती तिनं त्यांची गाठ घालून द्यायचं ठरवलं तेव्हा.

एम. ए.च्या प्रबंधासाठी तिच्या मार्गदर्शक मॅडमनी तिला 'पाणीपट्टीचा उगम आणि विकास' हा विषय देऊ केला होता. मॅडम बारीक चणीच्या, जाड चष्म्याच्या. कुणी 'नमस्कार' म्हटलं तरी 'कशावरून?' असा चेहरा करणाऱ्या. "मला 'निळ्या खिडक्या'वर करायचंय मॅडम," चौकशी म्हणाली. "त्यात माझ्या बाबांचा खोकला आहे."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आहे असं नाही. आहे असा दावा आहे."

"दावा कसला मॅडम? आम्ही रोज ऐकतो."

"ऐकता खोकला. वडील त्याला तुम्ही जोडलेत." मॅडम पुढं झुकल्या. "तो खोकला त्यांचाच आहे हे सिद्ध करून दाखवा, विषय तुमचा. नाही जमलं, तर पाणीपट्टी."

चौकशी घरी आली ती अस्वस्थ होऊन. त्या कॅसेटकडे तिनं आयुष्यात पहिल्यांदा जरा तिरक्या नजरेनं पाहिलं. बाबांवर आपला विश्वास आहे, आणि म्हणूनच आपण तो सिद्ध करतोय, असं तिनं स्वतःला समजावलं. स्वतःला असं समजावावं लागतंय याचाच तिला थोडा संशय आला.

आधी विषयाला विद्यापीठाची मंजुरी हवी होती. मंजुरी समितीनं विचारलं, खोकला प्राचीन की अर्वाचीन? अर्वाचीन असेल तर तो वैद्यकशास्त्राकडे जातो, त्यांचं ना-हरकत आणा. वैद्यकशास्त्रवाल्यांनी सांगितलं, रोगी समोर असेल तरच खोकला आमचा. नुसता आवाज भौतिकशास्त्राचा. भौतिकशास्त्राचे प्रमुख जेवायला गेले होते आणि ते परत येताना कधीच कुणाला दिसले नाहीत. शेवटी ती संगीत विभागात गेली. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खोकला हा गाण्यात दोष आहे. आमचा विभाग दोषाला ना-हरकत कशी देणार? उद्या शिंका येतील." अखेर कारकुनानंच तिची दया येऊन विषयाच्या रकान्यात 'ध्वनी (संकीर्ण)' असं लिहून दिलं आणि वर असा चेहरा केला की जणू ही मुलगी विद्यापीठाच्या आवारातून काहीतरी पळवून नेते आहे.

आता नमुना हवा होता. कॅसेटवरच्या खोकल्याशी ताडून पाहायला बाबांचा अस्सल, ताजा खोकला. तिनं मोबाइल पुढं धरला. "बाबा, खोका."

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "कशाला?"

"प्रबंधासाठी. जुळवून पाहायचाय."

"जुळवून?" बाबांचा आवाज चढला. "म्हणजे तुला खात्री नाही?"

"मला आहे हो. मॅडमना नाहीये."

"तुझ्या मॅडमच्या घरचा मीटर कुठं आहे ते सांग मला एकदा," बाबा म्हणाले. पण मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न होता. ते सरसावून बसले, घसा साफ केला आणि खोकले. तो खोकला इतका सभ्य होता की साहेबाच्या केबिनबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा वाटावा. पुन्हा खोकले, तर नाटकातला म्हातारा वाटला. तिसऱ्यांदा त्यांना खोकलाच येईना; उचकी आली. "कुणी बघत असलं की होत नाही," असं म्हणून ते वर्तमानपत्रामागं गेले. दिवसभर घरोघरी लोकांना 'मी बघतोय म्हणून काही थांबू नका, नेहमीसारखं चालू द्या' असं सांगणाऱ्या माणसाला आज त्याचा अर्थ कळला.

मग बाबांना खरीखुरी सर्दी होणं आलं. चौकशी वाईट मुलगी नव्हती. तिनं फक्त त्यांच्या पलंगाजवळची खिडकी उघडी ठेवायला सुरुवात केली. पाणी फ्रीजमधलं देऊ लागली. ते अंघोळ करून आले की पंखा मोठा करू लागली. हे सगळं आईच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

"अहो," एक दिवस आई बाबांना बाजूला घेऊन म्हणाली, "ही तुमची फार काळजी घ्यायला लागलीये. काहीतरी आहे."

बाबांनी त्या दिवसापासून घरात मफलर वापरायला सुरुवात केली. चौकशीनं पाणी दिलं की ते पेल्याला आधी बाहेरून हात लावून बघत. आणि कमाल म्हणजे त्यांची तब्येत सुधारली. नेहमी बदलत्या हवेत हमखास होणारी सर्दी त्या वर्षी त्यांच्याकडे फिरकलीच नाही. ऑफिसात लोक त्यांना 'काय, हल्ली व्यायाम करता वाटतं?' असं विचारू लागले, आणि हे ऐकून चौकशी उदास होई.

तेव्हा तिनं उलट दिशेनं जायचं ठरवलं. खोकला बाबांचा आहे हे सिद्ध होत नसेल, तर निदान तो इतर कुणाचा नाही हे दाखवायचं. त्या काळी त्या कार्यक्रमाला गेलेली माणसं इमारतीत, आजूबाजूला असणारच. त्यांचे खोकले जमा करायचे आणि एकेक वगळत जायचं. कागदावर ही पद्धत निर्दोष होती. जिन्यात मात्र तिचं काय झालं ते इमारतीला बरेच दिवस पुरलं.

पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी कौतुकानं खोकून दिलं आणि वर तीन घरी जाऊन सांगितलं की चौकशी विमा कंपनीसाठी काम करते. जो खोकतो त्याचा हप्ता वाढतो. दुसऱ्या मजल्यावर त्याचं झालं, साथ आलीये आणि सरकार ती लपवतंय. सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्त होते, आणि निवृत्त माणसाला सल्ला देण्यावाचून दुसरी नोकरी नसते. त्यांनी तिला जिन्यात गाठून सांगितलं, "हे बघ, खोकला ही खाजगी बाब आहे. मी तुझ्या बाजूनं आहे. पण मी तुझ्या बाजूनं आहे हे कुणाला सांगू नकोस." त्यानंतर अख्ख्या इमारतीत खोकणं बंद झालं. चौकशी जिना उतरताना दिसली की माणसं तोंड गच्च मिटून, लालबुंद होऊन, भिंतीला चिकटून उभी राहत आणि ती वळणावर दिसेनाशी झाली की वरून खोकल्यांचा भडिमार सुरू होई. त्यात कुठला कुणाचा ते कळायला मार्ग नसे.

यथावकाश आरोग्य खात्याचा निरीक्षक दारात आला. त्याच्या हातात बंद करता येईल असा डबा होता.

"इथं खोकल्याचे नमुने साठवले जातात अशी तक्रार आहे," तो म्हणाला.

"साठवत नाही, म्हणजे साठवते," चौकशी गडबडली. "अभ्यासासाठी."

"कुठं ठेवलेत?"

"मोबाइलमध्ये."

निरीक्षकानं तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. "फ्रीजमध्ये नाही?"

"आवाज आहेत हो ते नुसते."

"सगळे असंच म्हणतात." त्यानं कागद काढला. "नमुने मनुष्याचे की जनावराचे?"

"मनुष्याचे. एक पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा आहे."

"मनुष्याचे," त्यानं लिहिलं. "त्यांनी तपासणीला संमती दिली होती?"

"स्वतःहून दोनदा खोकल्या."

एवढ्यात बाबा मफलर गुंडाळून बाहेर आले आणि त्यांनी निरीक्षकाला त्याचं ओळखपत्र मागितलं. ओळखपत्रावरचा फोटो जुना होता. बाबांनी फोटोकडे पाहिलं, माणसाकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. आईनं मागून येऊन खालची सही उजेडात धरली. पुढचा बराच वेळ निरीक्षकच आपण निरीक्षक आहोत हे पटवून देत राहिला. जाताना तो डबा जिन्यात विसरला आणि तो उचलायला कुणी धजेना. शेवटी सेक्रेटरींनी त्याभोवती दोरी बांधून ठेवली.

या सगळ्यात इमारतीखालच्या औषधवाल्या काकांचा गैरसमज मात्र झाला नाही. त्यांना नेमकं समजलं. त्यांचं दुकान म्हणजे खोकल्याचं माहेरघर. एका दुपारी ते आवाज खाली आणून म्हणाले, "तू ज्याला शोधत्येस ना पोरी, तो मीच."

चौकशी काउंटरवर वाकली. "तुम्ही?"

"पाचवं गाणं. शेवटच्या ओळीच्या आधी. मला घशाचा त्रास तेव्हापासून आहे, म्हणून तर या धंद्यात आलो." त्यांनी खोकून दाखवलं. दुर्दैवानं तो खोकला चांगला होता. आधी दबलेला, मग मोकळा. "तुझ्या बाबांना मी इतकी वर्षं काही बोललो नाही. म्हटलं, गरीब माणूस आहे, घेऊ दे आनंद."

"तुम्ही तिथं होतात याला आधार काय?"

काका हसले. "ती कॅसेट काढणाऱ्या कंपनीचा प्रत्येक कार्यक्रम मी पाहिलाय. सगळ्या कॅसेट आहेत माझ्याकडे. थांब." त्यांनी फळीवरून एक कॅसेट काढून, फुंकर मारून, दुकानातल्या जुन्या टेपमध्ये घातली. एका वक्त्याची 'मनःशांतीकडे' ही भाषणं होती. वक्ता संथपणे सांगत होता की आता डोळे मिटा आणि शांततेत उतरा. सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत आधी एक दबलेला, मग एक मोकळा, मग खुर्ची करकरल्याचा आवाज.

"बघ!" काका ओरडले. "इथंही मीच!"

चौकशीनं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. तिच्या कानांना ते आवाज आईच्या बांगड्यांइतके ओळखीचे होते. फसगत व्हायला वावच नव्हता. तिनं वेष्टन उलटं केलं. भाषणं समुद्रापलीकडच्या एका शहरात झालेली होती, आणि कॅसेट निघाली होती 'निळ्या खिडक्या'च्या कितीतरी आधी, बाबा अर्ध्या चड्डीत शाळेत जात असतील तेव्हा.

"काका, तुम्ही त्या शहराला गेला होतात?"

"गेलो असेन की," काका म्हणाले. "माणूस आयुष्यात कुठं कुठं जातो."

चौकशी तिथून निघाली आणि नुसतीच रस्त्यानं चालत राहिली. कंपनीकडे एकच खोकला होता. जिथं प्रेक्षक खरे वाटायला हवेत, तिथं कंपनीवाले तो चिकटवत होते. टाळ्याही बहुधा तशाच. आयुष्यभर कवटाळलेल्या अल्बममध्ये तिला आता, बाबांच्या भाषेत, चोरून जोडलेली वायर दिसली होती. आणि अल्बमचं दुःख एका बाजूला. बाबांना काय सांगायचं? खोकला त्यांचा नाही, हे एक. पण त्याहून वाईट शंका तिच्या मनात आपसूक उगवली, मॅडमनी शिकवलेलीच. बाबा त्या कार्यक्रमाला मुळात होते तरी का? की कॅसेट ऐकून ऐकून त्यांनी स्वतःला तिथं नेऊन बसवलं, काकांसारखं? ही शंका मनात आल्याची तिला लाज वाटली, आणि लाज वाटूनही ती शंका गेली नाही.

तिनं कुणालाच काही सांगितलं नाही. पाणीपट्टीवरची पुस्तकं गुपचूप घरी आणली. पण आता बाबांनाच चेव आला होता. "तुझ्या मॅडमना घरी बोलाव," ते म्हणाले. "समोरासमोर ऐकू दे त्यांना. माझ्याकडे बघत ऐकू दे." चौकशीनं मॅडम फार कामात असतात असं सांगितलं, तर बाबांनी तिच्या फोनमधून नंबर काढून स्वतःच आमंत्रण दिलं. मॅडमना संशयाचा वास आला की त्या कुठंही येत.

त्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मफलर काढून ठेवला. मॅडम खुर्चीच्या कडेला बसल्या आणि चहाचा कप त्यांनी आधी आईला एक घोट पिताना पाहूनच तोंडाला लावला. पाचवं गाणं सुरू झालं. बाबांनी हात वर केला. खोकला आला आणि गेला. गायिकेनं शेवटची ओळ उचलली. इतकं सगळं कळूनही चौकशीच्या अंगावर काटा आलाच, आणि त्याचा तिला रागही आला.

"काय करणार," बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "आवरला नाही."

"हं," मॅडम म्हणाल्या. "याला दुसरा काही दुजोरा?"

तेवढ्यात दार वाजलं. दारात औषधवाले काका, हातात कॅसेट. इमारतीत बाहेरच्या मॅडम येऊन खोकला तपासणार आहेत ही बातमी दोरी बांधलेल्या डब्यापाशी उभं राहून सेक्रेटरींनीच त्यांना दिली होती.

"मी मध्ये पडणार नव्हतो," काका मध्ये पडत म्हणाले. "पण शिक्षणाच्या बाबतीत खोटं नको."

"काका, नको," चौकशी म्हणाली. तिनं टेपवर हातच ठेवला. "नंतर ऐकू. चहा घ्या."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मीटरवर हात ठेवून 'साहेब, चहा घ्या' म्हणणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. "हात काढ," ते हळूच म्हणाले.

तिला हात काढावा लागला. वक्त्यानं डोळे मिटायला सांगितलं. शांतता झाली. दबलेला, मोकळा, खुर्ची.

 काका विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे बघत होते. बाबांनी दोन्ही वेष्टनं हातात घेतली, त्यावरची सालं वाचली, मग उठून त्यांनी दोन्ही खोकले पुन्हा ऐकले. आयुष्यभर लोकांच्या चोरून जोडलेल्या तारा पकडलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागलं नाही.

"जोड दिलेला आहे," ते म्हणाले. "दोन्हीकडे." आणि ते खाली बसले. चौकशीला वाटलं, त्यांचा इस्त्रीचा शर्ट एकदम मोठा झालाय.

"म्हणजे तो यांचाही नाही," काकांकडे बोट दाखवत मॅडम म्हणाल्या. काका काहीतरी पुटपुटत कॅसेट खिशात घालून निघून गेले. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आणि मग प्रश्न असा उरतो," त्या बाबांकडे वळल्या, "की आपण त्या सभागृहात होतात, याला काय आधार?"

 चौकशीनं मान खाली घातली. हाच प्रश्न तिच्याही मनात होता, आणि तो दुसऱ्या कुणी विचारल्याबरोबर तिला मॅडमचा भयंकर संताप आला.

"होते हे," आई म्हणाली. ती चहाचे कप गोळा करत होती. "माझ्या मागच्या रांगेत. खोकलेही. मी वळून बघितलं ना."

"आपण पत्नी आहात," मॅडम म्हणाल्या. "साक्ष पक्षपाती."

"तेव्हा नव्हते पत्नी. आणि कसली पक्षपाती?" आईनं कप खाली ठेवले. "मी इतकी वर्षं गप्प बसलीये. तो कॅसेटवरचा खोकला यांचा नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. कॅसेटवरच्या माणसाला खरोखर खोकला आलाय. यांना आला नव्हता. हे मुद्दाम खोकले होते."

"मुद्दाम?" बाबा ताडकन उठले. "मला सर्दी होती! सडकून सर्दी होती मला!"

"कशावरून मुद्दाम?" चौकशी आणि मॅडम एकदमच म्हणाल्या.

आई पदराला हात पुसत बाबांकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत बाबांनी हजार वेळा सांगितलेली ती गोष्ट तिनं आज पहिल्यांदा सांगायला घेतली होती, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"सर्दी झालेला माणूस खोकला की रुमाल शोधतो," ती म्हणाली. "मी वळले, तर हे भांग सारखा करत होते."

 मॅडमनी पर्समधून पेन काढलं, आणि काय वाटलं कोण जाणे, तसंच परत आत ठेवलं. चौकशी बाबांकडे बघू लागली. बाबांना सर्दीबद्दल अजून बरंच काही सांगायचं असावं, पण ते कुणाकडेच बघत नव्हते. कानापर्यंत लाल झाले होते आणि त्यांचा हात केव्हाचा डोक्याकडे गेला होता. तिथं आता सारखं करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी तो हात डावीकडून उजवीकडे, अलगद, जपून फिरत राहिला.